यॉर्कच्या तटावरून चालायचंय, बाबांचा गुडघा बदललाय. कुठून चढू, कुठे उतरू?

लीड्सवासी

नमस्कार मंडळी,

पाडवा झाला की आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येतायत, दोन महिने राहतील. लंडन वगैरे होईलच पण बाबांनी विमानाची तिकिटं काढायच्या आधीच सांगून ठेवलंय की मला त्या यॉर्कच्या तटावरून चालायचंय, बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल. बाबांबद्दल थोडं सांगतो म्हणजे लक्षात येईल. बँकेत नोकरी करून तीस वर्षं दर शनिवार-रविवार सह्याद्रीत घालवलेला माणूस आहे, राजगड किती वेळा झाला ते त्यांना स्वतःला आठवत नाही, आम्हा भावंडांना तट, बुरूज, चर्या, जंग्या हे शब्द बाराखडीच्या आधी शिकवले. दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा बदलला आणि गड बंद झाले. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात, चढताना फारसं काही नाही, उतरताना मात्र कठडा लागतो. त्यांनी यूट्यूबवर कोणाचा तरी व्हिडिओ बघितलाय की गावाभोवती तट आहे आणि त्याच्या फांजीवरून, म्हणजे तटाच्या आतल्या अंगाच्या वाटेवरून, सरळ चालत जाता येतं, गड चढायलाच लागत नाही, तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

आईचं वेगळं. तिला उंचीची भीती आहे, म्हणजे गच्चीच्या कडेलाही जात नाही. पण बाबा जाणार म्हटल्यावर ती खाली बसून राहणार नाही हेही नक्की.

मी स्वतः यॉर्कला दोनदा गेलोय पण दोन्ही वेळा ऑफिसच्या लोकांबरोबर, मिन्स्टर, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बघितलं, शॅम्बल्सच्या गल्लीत फिरलो, परत आलो. तटावर चढलोच नाही. आता प्रश्न:

पूर्ण फेरी मारायची का, की एखादाच तुकडा करावा, आणि कुठला? पायऱ्या कशा आहेत? गाइड असलेला वॉकिंग टूर घ्यावा की आपलं आपण फिरावं? बाबा प्रश्न खूप विचारतात, आणि मला "मोठा दरवाजा आहे" याच्यापुढे काही सांगता येणार नाही याची खरंच काळजी वाटतेय. त्यांनी मला इतकी वर्षं गड दाखवले, एक दिवस मला त्यांना नीट दाखवायचंय.

एप्रिलमधला शनिवार धरून सांगा.

फॉसकाठ

आधी हे सांगते की एप्रिल म्हणजे तुम्ही अगदी बरोबर महिना धरलात. तट मातीच्या उंच बांधावर उभा आहे आणि त्या उतारांवर सगळीकडे डॅफोडिल फुललेली असतात, मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तर पिवळंधमक. शक्यतो पहिल्या पंधरवड्यात या.

मी सहा वर्षं यॉर्कात राहते, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तटावर नेलंय, त्यात माझ्या सासूबाईही आल्या ज्यांचे दोन्ही गुडघे बदललेत. त्यामुळे अनुभवाने सांगते: पूर्ण फेरी नका करू. सगळा मिळून तट ३.४ किलोमीटर आहे, ऐकायला कमी वाटतं, पण तो सलग नाही, मध्ये मध्ये तुटतो, तिथे खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा, पुढे जाऊन परत चढायचं. एरवीच्या माणसाला दोन तास, काकांना चार लागतील आणि त्यातला निम्मा वेळ रस्त्यावरच्या गाड्या बघण्यात जाईल.

मी असं करीन. लीड्सहून ट्रेनने पंचवीस मिनिटं. तुम्ही तिघं किंवा जास्त असाल तर ग्रुपसेव्ह बघा, गर्दीची वेळ टाळली तर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. स्टेशनातून बाहेर आलात की समोर रस्त्यापलीकडे तटच दिसतो, काकांना तिथेच थोडा वेळ द्या. टॉयलेटला स्टेशनातच जाऊन या, तटावर काही नाही. मग स्टेशन रोडच्या बाजूला वर चढायला पायऱ्या आहेत, तिथून लेंडल पुलापर्यंतचा छोटा तुकडा करा. खाली फुलं, समोर नदीपलीकडे मिन्स्टरचे मनोरे. काकूंना सवय व्हायला हा तुकडा चांगला, आणि नाहीच जमलं तर पाच मिनिटांत खाली.

पूल ओलांडला की डाव्या हाताला म्युझियम गार्डन्स. तिथे हिरवळीवर बसून डबा खा (मी पाहुण्यांना नेते तेव्हा दशम्या आणि लसणाची चटणी असते). बागेत मल्टअँग्युलर टॉवर नावाचा जुना बुरूज आहे तो चुकवू नका, त्याबद्दल इथला जंग्या नावाचा सभासद नीट समजावून सांगेल, त्याला सांगते इथे यायला.

मग बूथम बार ते मंक बार, म्हणजे तटाच्या एका दरवाजापासून दुसऱ्यापर्यंत. हा सगळ्यात सुंदर टप्पा. मिन्स्टर इतकं जवळ असतं आणि खाली डीनरीच्या, म्हणजे मिन्स्टरच्या मुख्य पाद्र्याच्या घराच्या, बागा, झाडं, एवढ्या गर्दीच्या गावात तिथे आवाजच नसतो. निवांत, थांबत थांबत गेलात तरी अर्धा-पाऊण तास. अडचण फक्त पायऱ्यांची, दोन्ही दरवाजांच्या आतून अरुंद दगडी जिना आहे आणि मंकचा जास्तच उभा आहे. काकांना उतरताना त्रास होतो म्हणालात ना, मग तुम्ही त्यांच्या पुढे एक पायरी खाली राहा, मागून येणाऱ्यांना थांबायला सांगा, लोक थांबतात, कोणी घाई करत नाही.

काकूंसाठी एक गोष्ट. बाहेरच्या बाजूला छातीएवढी भिंत आहे, पण आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडाच नाही, गवताचा उतार आहे किंवा सरळ खाली. त्यांनी बाहेरच्या भिंतीकडून चालायचं आणि समोरून कोणी आलं तर आपण जागा सोडायची नाही, समोरच्याने आतल्या बाजूने जायचं. मी सासूबाईंना हेच सांगितलं होतं, त्या हाताने भिंत चाचपत गेल्या आणि शेवटी हात सोडून फोटो काढत होत्या.

तिकीट नाही. सकाळी आठला उघडतं आणि अंधार पडायला लागला की फाटकं बंद करतात, एप्रिलमध्ये भरपूर उजेड असतो त्यामुळे ती चिंता नाही. बर्फ पडला किंवा दगडावर गोठलं तर बंद ठेवतात.

जंग्या

फॉसकाठने बोलावलंय म्हणून आलो, पण खरं तर तुमच्या बाबांबद्दल वाचून आलो. माझंही तसंच आहे. इकडे येऊन अकरा वर्षं झाली, जिथे तट दिसेल तिथे जातो, आणि यॉर्कला दर वर्षी एकदा तरी.

बाबांना पहिला प्रश्न पडणार तो मी आत्ताच सांगून ठेवतो. आपल्याकडे, रायगड घ्या, महादरवाजा समोरून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या कवेत लपवलेला, वळून यावं लागतं, शत्रूला हत्ती आणून धडक मारायला सरळ वाट मिळत नाही. यॉर्कचे दरवाजे बघाल तर रस्ता सरळ येतो आणि सरळ दरवाजात शिरतो. बाबा म्हणतील हे कसलं, हे तर कोणीही फोडेल. तर त्याचं उत्तर वॉल्मगेट बारला आहे. या दरवाजांच्या पुढे बार्बिकन असायचं, म्हणजे दरवाजापासून बाहेर काढलेल्या दोन उंच समांतर भिंती आणि टोकाला आणखी एक दरवाजा. पहिला फोडून आत आलात की अरुंद बोळात अडकलात, वरून दोन्हीकडून मारा. आपल्याकडे देवगिरीला नळदुर्गला दरवाजापुढे जिभी असते तिचंच काम, आकार वेगळा. यॉर्कच्या चारही मोठ्या दरवाजांना हे होतं, तीन ठिकाणची बार्बिकनं एकोणिसाव्या शतकात पाडली, वॉल्मगेटचं तेवढं राहिलं, आणि अख्ख्या इंग्लंडात गावाच्या वेशीला बार्बिकन शिल्लक असलेलं ते एकमेव ठिकाण आहे. म्हणून म्हणतो, फॉसकाठचा प्लॅन उत्तम आहे पण वॉल्मगेट त्यात नाही आणि तुमच्या बाबांसाठी तेच बघायला हवं. मंक बारला उतरल्यावर टॅक्सी करा. वर चढायची गरजच नाही, खाली रस्त्यावरून बार्बिकनमधून चालत आत जा, लाकडी दारं अजून आहेत, वर पोर्टकलिस, म्हणजे खाली सोडायचं जाळीचं दार, अडकवलेलं दिसतं, आणि आतून मागे वळून बघितलं की दरवाजाच्या पाठीवर खांबांवर उभं केलेलं लाकडी घर आहे, पहिल्या एलिझाबेथच्या काळातलं. वेशीवर माणसं राहायची.

तिथेच १६४४ ची गोष्ट सांगा. राजा आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध, यॉर्क राजाच्या बाजूला, बाहेर पार्लमेंटच्या आणि स्कॉटिश फौजांचा वेढा. वॉल्मगेटवर तोफा डागल्या, खालून सुरुंगासाठी भुयार खणलं, ते आतल्या लोकांच्या लक्षात आलं म्हणून दरवाजा वाचला. दुसरीकडे, सेंट मेरीज टॉवरखाली मात्र सुरुंग उडाला. तो बुरूज आजही आहे, बूथम बारपासून दोन-तीन मिनिटांवर, नंतर दुरुस्त करताना गोलाई जुळवली नाही त्यामुळे जुना भाग आणि नवा भाग वेगवेगळे कळतात. बाबांना दाखवा आणि सांगू नका, त्यांना स्वतःलाच दिसू द्या. २ जुलैला जवळच मार्स्टन मूरला लढाई झाली, राजाची बाजू हरली, १६ जुलैला गाव शरण गेलं. शिवाजी महाराज तेव्हा चौदा वर्षांचे. हे मी प्रत्येक वेळी मनात मांडतो, त्याशिवाय मला इथला काळ कळत नाही.

आता मल्टअँग्युलर टॉवर. रोमन लोकांची नववी लीजन, म्हणजे फौजेची मोठी तुकडी, इसवी सन ७१ मध्ये इथे आली आणि छावणी घातली, नाव एबोराकम. त्या दगडी किल्ल्याच्या पश्चिम कोपऱ्यातला हा बुरूज. बागेतून बघा, खालचा भाग लहान लहान सारख्या दगडांचा आणि मध्ये लाल विटांचा एक पट्टा, तो रोमन. त्याच्या वर मोठे दगड, ते मध्ययुगातले. एकाच बुरुजात हजारेक वर्षांचं अंतर आणि सांधा बोटाने दाखवता येतो. इथेच २११ मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस वारला, आणि ३०६ मध्ये सैनिकांनी कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून जाहीर केलं तेही याच गावात, मिन्स्टरच्या बाहेर त्याचा बसलेला पुतळा आहे.

आणि बूथम ते मंक चालताना बाबांना सांगा की पायाखालच्या बांधाच्या पोटात रोमन तट गाडलेला आहे. रोमन गेल्यावर पुढे ८६६ मध्ये व्हायकिंग आले, मातीचे बांध वाढत गेले, नंतर त्या बांधावर मध्ययुगातली दगडी भिंत उभी राहिली, आणि वायव्य आणि ईशान्य या दोन बाजूंना तिने रोमन किल्ल्याचीच ओळ धरली. मंक बारच्या पुढे थोडं चाललात तर आतल्या बाजूला खाली उकरलेल्या जागेत रोमन कोपऱ्याच्या बुरुजाचे अवशेष दिसतात. म्हणजे तुम्ही वर तटावर आणि जुना तट तुमच्या खाली खड्ड्यात. एवढं बघून मगच उतरा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, फांजी म्हणून आज आपण जिच्यावरून आरामात चालतो ती बरीचशी एकोणिसाव्या शतकात लोकांना फिरता यावं म्हणून रुंद केलेली आहे. पहारेकऱ्याला एवढी जागा नव्हती. बाबा विचारतील, लपवू नका.

अवकाळी

जंग्याभाऊ नेहमीप्रमाणे सुंदर. मी फक्त पावसाचं सांगतो कारण ते कोणी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आई आली होती तेव्हा आम्ही रिमझिम असताना चढलो. वरचे दगड इतक्या लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेत की ओले झाले की बूट धरत नाही. आई घसरली, पडली नाही, पण माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला आणि तिथून पुढे तिने मान वर करून काही बघितलंच नाही, नुसते दगड बघत चालली. ज्यासाठी आलो होतो तेच गेलं. त्या दिवशी आम्ही एक पैसे भरून घ्यायचा टूर घेतला होता, गाइड मुलगा माहिती चांगली देत होता पण पंचवीस माणसं आणि वेळ ठरलेली, त्यामुळे पाऊस लागला तरी तो निघाला आणि आम्ही मागे मागे राहत गेलो, आईला वाटत राहिलं की आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय. त्या भावनेचा मला अजून त्रास होतो.

तर पाऊस असेल तर सरळ दिवस बदला. लीड्सहून यायचंय, सांगली-कोल्हापूरहून नाही. आणि काकांना घट्ट पकडीचे बूट, फ्लोटर्स नकोत.

फॉसकाठ

अवकाळी, गाइडबद्दल तुमचं पटतं, पण एक पर्याय आहे. एक्झिबिशन स्क्वेअरमधून, म्हणजे आर्ट गॅलरीच्या समोरून, गावातले स्वयंसेवक गाइड लोकांना फिरवतात. १९५१ पासून चालू आहे, पैसे घेत नाहीत, टिपही घेत नाहीत. निवृत्त शिक्षक वगैरे मंडळी असतात आणि गावावर मनापासून प्रेम असलेली. सकाळी सव्वादहाला निघतात, उन्हाळ्यात आणखीही वेळा असतात, जायच्या आधी एकदा साइटवर बघून घ्या. दोन तास चालवतात, त्यात तटाचा थोडा भागही येतो. मी लीड्सवासींच्या जागी असते तर पूर्ण टूर धरला नसता, पण सुरुवातीला त्यांना गाठून सांगितलं असतं की बाबांचा गुडघा असा आहे, आम्ही मध्येच थांबलो तर चालेल ना. ते हो म्हणतात. काकांना प्रश्न विचारायला माणूस मिळेल.

मकाईदरवाजा

मी छत्रपती संभाजीनगरचा, त्यामुळे या विषयावर वाचताना पोटात काहीतरी होतंच. आमच्याकडे दरवाजे आहेत, मकाई, भडकल, दिल्ली दरवाजा, पण त्यांना जोडणारा तट बहुतेक गेला. दरवाजा एकटा रस्त्याच्या मध्ये उभा आणि दोन्ही बाजूंनी रिक्षा. लहानपणी मला वाटायचं दरवाजा असाच बांधतात, सुटा.

म्हणून लीड्सवासी, तुमच्या बाबांना हे नक्की सांगा की यॉर्कचा तटसुद्धा जवळजवळ गेलाच होता. १८०० साली तिथल्या नगरपालिकेनेच ठरवलं होतं की तट पाडायचा. डागडुजीचा खर्च झेपत नाही, दरवाजे अरुंद, गाड्यांना अडचण, दगड विकून पैसे येतील, कारणं सगळी ओळखीची. विरोध झाला, प्रकरण लांबलं, तेवढ्यात बार्बिकनं आणि काही छोटे दिंडी दरवाजे पाडून झालेही. मग गावातल्या लोकांनी वर्गण्या काढून दुरुस्ती सुरू केली. विल्यम एटी नावाचा चित्रकार, यॉर्कचाच, त्याने पत्रं लिहून लिहून लोकांना जागं केलं. फॉसकाठने सांगितलेल्या एक्झिबिशन स्क्वेअरमध्ये त्याचाच पुतळा आहे, हातात रंगांची पाटी. लोक त्याच्या पायाशी बसून सँडविच खातात आणि वर बघत नाहीत. तुम्ही बघा.

आणि तरीसुद्धा पुढे रेल्वे आली तेव्हा तटाला कमान पाडून रूळ आत घेतलेच, पहिलं कायमचं स्टेशन तटाच्या आत होतं. आत्ताचं १८७७ चं, ते बाहेर. स्टेशन रोडच्या तुकड्यावरून जाताना खाली बघितलंत तर लक्षात येईल. मी तिथे उभा राहून बराच वेळ विचार करत होतो की भोक पाडून का होईना, बाकीचा ठेवला. आमच्याकडे तेवढंही कोणी म्हणालं नाही.

लीड्सवासी

अरे काय लोक आहात तुम्ही. ऑफिसात बसून हे वाचतोय आणि दुसरं कामच होत नाहीये. जंग्या, तुमचं उत्तर प्रिंट काढून ठेवलंय.

दोन गोष्टी अजून. एक, नकाशात मिकलगेट बार स्टेशनच्या अगदी जवळ दिसतोय, तो का कोणी सुचवला नाही? दुसरं, क्लिफर्ड्स टॉवर. तिथे वर जाता येतं म्हणतात. तिथे यहुदी लोकांचं काहीतरी झालं होतं एवढंच ऐकलंय, आई अशा गोष्टींनी फार अस्वस्थ होते म्हणून आधीच विचारतोय.

आणि बार म्हणजे दरवाजा आणि गेट म्हणजे रस्ता हे खरंच आहे का? बायको म्हणते तू मला मागच्या वेळी स्टोनगेटला दरवाजा शोधायला लावलास.

जंग्या

खरंच आहे. व्हायकिंगांच्या भाषेत गाटा म्हणजे रस्ता, तो शब्द गावात राहिला, म्हणून स्टोनगेट, मिकलगेट हे रस्ते. दरवाजाला बार, कारण आडवा अडसर टाकून वाट अडवायची. यॉर्कचे लोक सांगतात ना, इथे रस्त्यांना गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब.

मिकलगेट हा मानाचा दरवाजा. लंडनकडून येणारा रस्ता इथून आत येतो, राजा-राणी आले तर इथूनच येतात. आणि राजद्रोह्यांची मुंडकी इथेच वर टांगायचे. १४६० च्या डिसेंबरात वेकफिल्डच्या लढाईत यॉर्कचा ड्यूक रिचर्ड मारला गेला, त्याचं डोकं कागदी मुकुट घालून याच दरवाजावर लावलं होतं, म्हणजे ज्या गावाच्या नावाने तो ओळखला जायचा त्याच गावाच्या वेशीवर. स्टेशनपासून जवळ आहे, परतीच्या वाटेवर खालूनच बघा. आईंना मुंडक्यांचं नाही सांगितलं तरी चालेल.

फॉसकाठ

क्लिफर्ड्स टॉवरचं मी सांगते.

११९० च्या मार्चमध्ये गावात यहुद्यांविरुद्ध दंगल उसळली, जीव वाचवायला सुमारे दीडशे माणसं, बायकामुलांसकट, किल्ल्यातल्या टेकडीवरच्या लाकडी मनोऱ्यात जाऊन बसली. बाहेर जमाव. सुटका नाही असं दिसल्यावर बहुतेकांनी स्वतःचा आणि घरच्यांचा जीव घेतला, मनोरा पेटला, अभयाच्या शब्दावर जे बाहेर आले त्यांनाही मारलं. आत्ता दिसतो तो दगडी मनोरा त्यानंतर तेराव्या शतकातला. पायथ्याशी स्मृतिफलक आहे आणि उतारावरची डॅफोडिलं त्यांच्या आठवणीत लावलेली, यहुद्यांच्या सहा टोकांच्या ताऱ्यासारखी सहा पाकळ्यांची.

तुमच्या आईंना नेऊ नका असं मी म्हणणार नाही. सासूबाईंना मी खाली फलकापाशी उभं करून सगळं सांगितलं, त्यांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि गवताच्या कडेला दोन मिनिटं बसल्या. पण वर जायला तिकीट आहे आणि पायऱ्या खूप, गुडघ्यासाठी तो दिवस वेगळा ठेवा. तटाबरोबर एकाच दिवशी नको, दोन्हींवर अन्याय होतो.

पाऊणफेरी

मी थोडा विरोधात बोलणार आहे. सगळे म्हणतायत पूर्ण फेरी नको. गुडघ्यामुळे बरोबर आहे. पण जिथे तट नाही तेही बघण्यासारखं आहे, ते कोणी बोलतच नाहीये. मंक बारच्या पुढे लेअरथॉर्पला तट एकदम संपतो आणि बराच पुढे रेड टॉवरपाशी परत सुरू होतो. मला पहिल्यांदा वाटलं पाडला असेल. पण तिथे तट कधी नव्हताच. पहिल्या विल्यम राजाने किल्ल्यासाठी फॉस नदीला बांध घातला, त्यामुळे मागे मोठं तळं आणि दलदल झाली, किंग्ज फिशपूल म्हणायचे, कोणी ओलांडूच शकत नव्हतं, मग भिंतीवर खर्च कशाला. आज तिथे रस्ता आणि दुकानं. बाबा गडवाले आहेत, त्यांना कड्यावर तट का बांधत नाहीत हे सांगायला नको, त्यांना ही जागा एका वाक्यात कळेल.

आणि रेड टॉवर लाल आहे कारण तो विटांचा, १४९० च्या सुमाराचा, बाकी सगळा तट पांढरट चुनखडीचा. विटांचं काम दिलं म्हणून पाथरवट चिडले, आणि भांडण वाढत खुनापर्यंत गेलं. टॅक्सीने वॉल्मगेटला जाणारच आहात तर वाटेत पाच मिनिटं थांबवा. वॉल्मगेटपासून पुढे फिशरगेट बार जवळ आहे, १४८९ मध्ये कराविरुद्ध बंड झालं तेव्हा तो जाळला, मग बुजवून टाकला तो थेट १८२७ ला उघडला. आगीने लालसर झालेले दगड अजून दिसतात. हात लावून बघा.

लीड्सवासी

मंडळी, काल जाऊन आलो. रात्री लिहिणार होतो पण सगळेच दमलो होतो.

ऊन होतं. फुलं होती. फॉसकाठ, तुमचा प्लॅन जसाच्या तसा केला, फक्त स्वयंसेवक गाइडकाकांबरोबर आम्ही पहिला पाऊण तासच राहिलो कारण बाबा मल्टअँग्युलर टॉवरपाशी अडकले. लाल विटांचा पट्टा दिसला त्यांना, पण त्याआधी त्यांनी रोमन दगडांमधला चुना बघितला आणि मला म्हणाले याच्यात विटेची पूड आहे का विचार. गाइडकाकांना विचारलं तर ते एकदम खुलले, मग दोघं बोलत बसले, बाबांचं इंग्रजी बँकेतलं आणि काकांचं यॉर्कशायरचं, मला मध्ये पडायची वेळ चारपाचदाच आली. शेवटी बाबांनी फोनवर रायगडाच्या महादरवाजाचा फोटो काढून त्यांना दाखवला, तो कसा दिसत नाही ते हाताने वळवून वळवून सांगितलं. आजूबाजूची माणसंही ऐकत होती.

आई बूथमच्या जिन्यापाशी थांबली. मी म्हटलं खाली बस, आम्ही येतो. तर म्हणाली, भिंतीकडून कुठली बाजू म्हणाली होती ती बाई? आणि चढली. पूर्ण टप्पा बाहेरच्या भिंतीला हात लावून आली. समोरून येणाऱ्या माणसांना हाताने "तिकडून" अशी खूण करत होती आणि सगळे हसून तिकडून जात होते.

मंकचा जिना अवघड गेला, सात-आठ मिनिटं लागली, मी खाली एक पायरी आणि बायको वर. मागे रांग लागली पण खरंच कोणी काही बोललं नाही. खाली आल्यावर बाबा पोर्टकलिसखाली उभे राहिले. ते अजून चालतं म्हणे, शेवटचं १९५३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी खाली सोडलं होतं, हे गाइडकाकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाबा वर बघत होते आणि मला म्हणाले, खाचा बघ, घासलेल्या आहेत.

सेंट मेरीज टॉवर मी काही न बोलता दाखवला. जंग्या, त्यांना लगेच दिसलं. म्हणाले, हे नंतरचं आहे, आणि घाईत केलंय.

वॉल्मगेटच्या बार्बिकनमध्ये ते दोनदा गेले. एकदा बाहेरून आत, शत्रू म्हणून. मग एकदा आतून बाहेर. त्यानंतर मात्र गुडघा दुखायला लागला त्यामुळे फिशरगेटचे दगड राहिले, टॅक्सीतून लांबूनच बघितले.

रात्री जेवताना विचारत होते की चेस्टर नावाच्या गावाला पण असाच तट आहे आणि तो सलग आहे म्हणतात. पायऱ्यांबद्दल कोणाला माहिती आहे का?